दुकानाच्या नावाचे इंजिन ऑइल : कॅनवरच्या मजकुराचे भाष्य

अमेरिकेत वॉलमार्टचे सुपर टेक, कॉस्टकोचे कर्कलंड सिग्नेचर आणि २०१८पासून ॲमेझॉन बेसिक्स अशा नावांनी इंजिन ऑइल विकले जाते. नाव दुकानाचे असले तरी दुकान स्वतः ऑइल बनवत नाही. न्यू जर्सी-टेक्साससारख्या राज्यांत स्थिरावलेली मराठी कुटुंबेही याच दुकानांतून किराणा आणतात, आणि त्याच ट्रॉलीत पाच क्वार्टचा, म्हणजे ४.७३ लिटरचा कॅन पडतो. किंमत नामांकित कंपनीच्या ऑइलपेक्षा बरीच कमी असते, म्हणून मनात येते की हे बनवले कोणी, आणि नव्या गाडीत घालायचे का? उत्तराचा मोठा भाग कॅनवरच छापलेला असतो. तो नीट वाचायला हवा. खालचा पाठ कुठल्या एका कॅनचा नाही, या प्रकारच्या कॅनवर सहसा जे असते तो आहे.

«फुल सिंथेटिक»

सगळ्यांत मोठ्या टायपातली ही ओळ सगळ्यांत कमी सांगते. ऑइलमध्ये साधारण ८० ते ९० टक्के बेस ऑइल असते आणि उरलेले ॲडिटिव्ह. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, बेस ऑइलचे पाच गट पाडले आहेत. तिसऱ्या गटातले ऑइल खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून मिळते, चौथ्यातले पीएओ, म्हणजे पॉलिअल्फाओलेफिन, रसायनांपासून घडवतात. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे का यावर मोबिल आणि कॅस्ट्रॉल भांडले, आणि १९९९मध्ये जाहिरातींबद्दलच्या तक्रारी पाहणाऱ्या नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून ही ओळ दोन्ही गटांवर चालते. तिसऱ्या गटाचे ऑइल मुळीच हलके नसते, पण आत कोणता गट आहे हे या ओळीवरून कळत नाही.

«एसएई ५डब्ल्यू-३०»

हा फक्त पातळ-घट्टपणाचा ग्रेड. उणे ३० अंश सेल्सियसला इंजिन फिरवण्याइतके पातळ, आणि १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मर्यादेत घट्ट. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो ग्रेड असेल तोच घ्यावा. या ग्रेडमध्ये उत्तम ऑइल असते तसे टाकाऊही असते, हे पुढे एका ओळीत दिसेल.

«(गोल चिन्हात) एपीआय सर्व्हिस एसपी · एसएई ५डब्ल्यू-३० · रिसोर्स कन्झर्व्हिंग»

सगळ्यांत जास्त वेळ या चिन्हाला द्यावा. याला तिथे डोनट म्हणतात. ते एपीआयचे नोंदणीकृत चिन्ह आहे आणि परवाना घेतल्याशिवाय छापता येत नाही. एसपी हा वर्ग मे २०२०मध्ये आला. तो मिळवायला ऑइल खऱ्या इंजिनात घालून चाचण्या द्याव्या लागतात. एका चाचणीत क्रायस्लरच्या ३.६ लिटर व्ही-६ इंजिनात ऑइल किती घट्ट होते आणि पिस्टनवर किती थर बसतो ते पाहतात. दुसरीत फोर्डच्या २ लिटर टर्बो इंजिनात कमी वेगाला, स्पार्क पडण्याआधीच इंधन पेटते का ते मोजतात. टर्बो पेट्रोल इंजिनात याने पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटने हा धोका वाढतो असे दिसल्यावर अनेक ऑइलांत कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम घालण्यात आले.

इतक्या खर्चिक चाचण्या छोटा ब्लेंडर, म्हणजे ऑइल मिसळून भरणारा कारखानदार, एकट्याने करत नाही. लुब्रिझॉल, इन्फिनियम, ॲफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट या चार मोठ्या कंपन्या चाचणीला उतरलेले ॲडिटिव्ह पॅकेज तयार विकतात. ब्लेंडर ते ठरल्या प्रमाणात मान्य बेस ऑइलमध्ये मिसळून कॅन भरतो. दुकानाच्या आणि नामांकित नावाच्या ऑइलमध्ये एकाच घरचे पॅकेज असू शकते. म्हणून «बनवले कोणी» या प्रश्नाला एक नाव पुरत नाही: रिफायनरी एक, ॲडिटिव्हवाले दुसरे, ब्लेंडर तिसरा.

परवानाधारकांची यादी एपीआयच्या डिरेक्टरीत सर्वांना पाहता येते. शिवाय एपीआय बाजारातून कॅन उचलून तपासते आणि आतले ऑइल नोंदलेल्या फॉर्म्युल्याशी जुळते का ते बघते. दुकानाच्या ऑइलवर भरवसा ठेवायचा तो या तपासणीमुळे.

«एपीआय एसपीच्या गरजा पूर्ण करते»

ही ओळ आहे आणि डोनट मात्र नाही, असे दिसले तर कॅन परत फळीवर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ती विक्रेत्याची हमी झाली. ती खरी असेलही, पण तिच्यामागे परवाना नाही आणि एपीआयची तपासणीही नाही.

«डिस्ट्रिब्युटेड बाय…»

पुढे दुकानाचे किंवा त्याच्या कंपनीचे नाव आणि पत्ता. अमेरिकेत उत्पादक, पॅकर किंवा वितरक यांपैकी एकाचे नाव चालते, म्हणून खरा ब्लेंडर लपून राहतो. भारतात पॅकबंद मालाचे २०११चे नियम उत्पादकाचे नाव-पत्ता मागतात, आणि पॅकर वेगळा असेल तर त्याचेही. त्यामुळे आपल्याकडे वाहन कंपनीच्या नावाच्या «जेन्युइन ऑइल»चा मूळ उत्पादक शोधायला फार खटपट पडत नाही. अमेरिकेत मात्र सेफ्टी डेटा शीट मागवावी. त्यावर जबाबदार कंपनीचे नाव आणि फोन असतो. दुकानाच्या ऑइलांमागे वारंवार पुढे आलेले नाव नेब्रास्कातल्या ओमाहाच्या वॉरन डिस्ट्रिब्युशनचे. मॅग १ हा तिचा स्वतःचा ब्रँड होता. पण पुरवठ्याचा करार संपला की ब्लेंडर बदलतो आणि कॅनवरचे रंग तेच राहतात. गेल्या वर्षी शोधलेले नाव यंदाच्या कॅनला लागू असेलच असे नाही.

«१९८८नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांसाठी योग्य नाही»

ही ओळ मागच्या बाजूला, बारीक टायपात. डॉलर जनरल या स्वस्त मालाच्या दुकानसाखळीच्या डीजी नावाच्या १०डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-४० ऑइलवर हा इशारा होता, कारण ते एसएफ या कधीच मोडीत निघालेल्या वर्गाचे होते. तिचेच एसएई ३० ऑइल तर एसए वर्गाचे. त्यात ॲडिटिव्हच नसते, आणि ते १९३०नंतरच्या इंजिनांना योग्य नाही असे कॅनच सांगत होता. हे कॅन चांगल्या ऑइलच्या शेजारी, त्याच फळीवर ठेवलेले असत. पुढच्या बाजूचा ग्रेड वाचून माणूस उचलणार, आणि उचलणारा बहुधा तो, ज्याला जुनी गाडी चालती ठेवायची आहे आणि दोन-तीन डॉलर वाचणे ज्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे. मला यात विलक्षण अन्याय दिसतो. अनेक राज्यांतल्या ग्राहकांनी दावे लावले आणि ते मिसुरीच्या संघीय न्यायालयात एकत्र झाले. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी कंपनीने तडजोड केली, आणि ग्राहकांचे दावे २०२१मध्ये तडजोडीने मिटले. म्हणजे दोष «दुकानाचे नाव» यात नव्हता. सुपर टेकवर डोनट आहे, एसए ऑइलवर ही ओळ होती, आणि दोन्ही दुकानाच्याच नावाची ऑइल.

अशा ऑइलचे नमुने दुकानांतून विकत घेऊन लॅबमध्ये तपासण्याचे काम टॉमस ग्लेन यांची पेट्रोलियम क्वालिटी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका करते. फळीवरच्या ऑइलचे ग्रेड, फॉस्फरस, झिंक, कॅल्शियम यांचे आकडे ती नावानिशी जाहीर करते. ब्लेंडरचे नाव कळण्यापेक्षा हे आकडे कितीतरी उपयोगाचे.

«(इंकजेटने छापलेले अंक-अक्षर)»

हा बॅचचा कोड. कॅन कुठल्या दिवशी, कुठल्या लाइनवर भरला ते ब्लेंडर यावरून काढतो. वॉरंटीच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे अमुकच ब्रँडचे ऑइल घातले नाही एवढ्यावरून गाडी कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. पण योग्य ग्रेडचे, योग्य वर्गाचे ऑइल वेळेवर घातले हे मालकाला दाखवता आले पाहिजे. तेव्हा रिकामा कॅन टाकण्याआधी डोनट आणि हा कोड दोन्ही दिसतील असा फोटो काढून पावतीबरोबर ठेवावा, आणि पावतीच्या मागे गाडीच्या ओडोमीटरचा आकडा लिहावा.