बंगळुरूतील डेटावाहतूक आणि तिच्या वेगमर्यादेचा इतिहास

नेटवर्क स्विच म्हणजे अनेक संगणकांना एकमेकांशी व बाहेरच्या जाळ्याशी जोडणारे यंत्र. त्याच्या कोणत्या पोर्टातून सेकंदाला किती बिट जाऊ द्यायचे हे आकड्यांत ठरवून देण्याच्या कामाला रेट लिमिटिंग म्हणतात. बंगळुरूत संगणकीय दळणवळण सुरू झाले तेव्हा अशा आज्ञेची फारशी गरज नव्हती, कारण मर्यादा वाहिनीच्या घडणीतच होती. वाहिन्या रुंद झाल्यावर मात्र ती नाहीशी झाली नाही, तर माणसाच्या निर्णयाचा विषय बनली.

१९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत विकासकेंद्र उघडले आणि परदेशातील आपल्या केंद्रांशी उपग्रहामार्फत थेट संपर्क प्रस्थापित केला. त्याच सुमारास इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट हे शैक्षणिक जाळे उभारायला घेतले. त्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर पाच आयआयटी आणि मुंबईचे एनसीएसटी हे संगणक संशोधन केंद्र होते. १९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही स्वायत्त संस्था स्थापन झाली आणि स्वतःचे भूस्थानक परवडत नसलेल्या कंपन्यांनाही बंगळुरू व पुणे येथील केंद्रांतून उपग्रहवाहिनीचा वाटा भाड्याने मिळू लागला.

हा वाटा बहुधा सेकंदाला ६४ किलोबिटांचा असे. या आकड्याचे मूळ दूरध्वनीत आहे: आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येकी ८ बिटांत साठवले की ६४,००० बिट होतात. असे ३२ वाटे एकत्र करून २,०४८ किलोबिटांची वाहिनी बने व प्रत्येक वाट्याला ठरावीक कालखंड मिळे. त्यामुळे एकाचा भार दुसऱ्यावर पडत नसे. पण शेजारचा कालखंड रिकामा असला तरी तो वापरताही येत नसे, आणि दहा मेगाबाइटांची फाइल पाठवायला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागे.

इथरनेट थेट ग्राहकाच्या दारापर्यंत पोहोचले तेव्हा ही व्यवस्था मोडली. स्विचचे पोर्ट सेकंदाला १०० वा १,००० मेगाबिटांचे, तर २००४ च्या राष्ट्रीय धोरणानुसार ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २५६ किलोबिट पुरेसे. म्हणजे विकलेला वेग आणि पोर्टाची क्षमता यांत शेकडो पटींचे अंतर. ते राखण्यासाठी टोकन बकेट ही पद्धत रूढ झाली, जिचे नाते जोनाथन टर्नर यांनी १९८६ साली मांडलेल्या लीकी बकेट या कल्पनेशी आहे. या पद्धतीत ठरलेल्या दराने टोकन जमा होतात, त्यांच्या साठ्याला कमाल सीमा असते आणि प्रत्येक पॅकेट आपल्या आकाराइतके टोकन खर्चून पुढे जाते. टोकन अपुरे पडल्यास पॅकेट टाकून दिले जाते किंवा त्यावर दुय्यम दर्जाची खूण केली जाते, तेव्हा त्याला पोलिसिंग म्हणतात. ते रांगेत थोपवून धरले, तर शेपिंग. थोपवायला स्मृती लागते आणि ती स्विचमध्ये तुटपुंजी असते, म्हणून आत येणाऱ्या वाहतुकीवर सहसा पोलिसिंग आणि बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर शेपिंग योजतात.

खरी मेख दरापेक्षा साठ्याच्या सीमेत, म्हणजे बर्स्टच्या आकारात असते. ही सीमा फार लहान ठेवली तर पॅकेटे वारंवार गळतात, गळती दिसताच पाठवणाऱ्या संगणकातील टीसीपी प्रणाली आपला वेग झपाट्याने उतरवते, आणि दर अचूक भरलेला असूनही ग्राहकाला विकत घेतलेल्या वेगापेक्षा बराच कमी वेग मिळतो. फार मोठी ठेवली, तर एकाच्या उसळीने इतरांची वाट अडते.

मर्यादा अशी स्विचमधील आकड्यांवर येऊन ठेपल्यावर तिचा उपयोग विक्रीसाठीही झाला. महिन्याचा ठरावीक डेटा संपताच वेग उतरवणाऱ्या फेअर यूसेज योजना आल्या. २०१६ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ब्रॉडबँड जोडणीत असा उतरवलेला वेगही ५१२ किलोबिटांखाली जाऊ नये असे बजावले, आणि २०१८ साली नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वे स्वीकारताना सरकारने वाहतुकीच्या वाजवी व्यवस्थापनाला मुभा ठेवून मजकूर पाहून भेदभाव करण्यास मनाई केली. ६४ किलोबिटांच्या वाहिनीकडे तिच्या मर्यादेचा जाब मागण्यात अर्थ नव्हता. स्विचमधील आकडा मात्र कोणीतरी ठरवलेला असतो आणि क्षणात बदलता येतो, म्हणूनच तो कोणी व कोणासाठी ठरवला, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला पोहोचतो.