खोकल्याच्या बाटलीतला पाक

साठ-सत्तर वर्षांपूर्वी मराठी मुलखातल्या तालुक्याच्या गावी खोकल्याचे औषध आणायला निघताना रिकामी बाटली घरूनच न्यावी लागे. डॉक्टर छातीला नळी लावून कागदावर दोन ओळी खरडत. पुढचे काम खिडकीपलीकडच्या कंपाउंडरचे. मोठ्या बरणीतले लाल किंवा तपकिरी मिक्श्चर तो बाटलीत ओती, पाणी घालून ती खांद्यापर्यंत भरी आणि बूच लावून खळखळून हलवी. मग कागदाची अरुंद पट्टी कात्रीने कापून तिच्या कडांना खाचा पाडी आणि डिंकाने ती बाटलीवर उभी चिकटवी. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. पट्टीवर अक्षरही लिहिलेले नसे. आत काय आहे हे रोग्याला माहीत नसे आणि तो विचारतही नसे. औषध गोड, दाट आणि घशाला ऊब देणारे असले की त्याचे समाधान होई.

हे समाधान समजून घेतल्याशिवाय खोकल्याच्या पातळ औषधाचा इतिहास उलगडत नाही. अशा औषधात गुणकारी द्रव्य चमच्यात चिमूटभरही नसते. बाकी सगळा पाक, म्हणजे गोडी, रंग, वास आणि द्रव्य विरघळवून ठेवणारा द्रव. जाहिरात होते ती चिमटीची. गेल्या शतकात या बाटल्यांनी जे बळी घेतले, त्यांतले बहुतेक मात्र पाकाने घेतले.

एकोणिसाव्या शतकात चित्र वेगळे होते. तेव्हा धोका चिमटीतच होता. त्या काळी खोकला म्हणजे नुसती कटकट नव्हती, तो क्षयाची किंवा न्यूमोनियाची चाहूल असू शके आणि दोन्हींवर इलाज नव्हता. निदान रात्रीची झोप तरी मिळावी, एवढीच रोग्याची मागणी असे, आणि ती अफूइतकी खात्रीने दुसरे काहीच पुरवत नसे. हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेबरोबर असलेला डॉक्टर जॉन कॉलिस ब्राऊन याने अफूचा अर्क, भांग आणि क्लोरोफॉर्म एकत्र करून ‘क्लोरोडाइन’ बनवले. मुळात ते कॉलऱ्यासाठी होते. १८५६पासून लंडनच्या डेव्हनपोर्टने ते बाटलीत भरून विकायला काढले आणि खोकला, सर्दी, दमा, हगवण अशा सगळ्यांवरचे औषध म्हणून ते साम्राज्यभर पसरले.

१८३२मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रोबिके याने अफूतून कोडीन वेगळे काढले. पुढे १८९८मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने मॉर्फिनपासून बनवलेले नवे औषध खोकल्यासाठी बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले ‘हेरॉइन’. मॉर्फिनपेक्षा ते निर्धोक आहे असा तेव्हा समज होता. तो किती चुकीचा आहे हे कळायला फार काळ लागला नाही, आणि १९१३मध्ये बायरने त्याचे उत्पादन थांबवले. अमेरिकेत १९०६च्या कायद्याने अफू, मॉर्फिन, कोकेन, मद्य असे पदार्थ औषधात असतील तर लेबलवर लिहिणे सक्तीचे केले. आईला आपण तान्ह्या मुलाला अफू पाजतो आहोत हे निदान वाचता येऊ लागले.

हिंदुस्थानात याच सुमारास दुसरी एक धारा सुरू झाली होती, आणि तिचे मूळ आपल्या कुंपणात होते. अडुळशाच्या पानांचा रस मध घालून खोकल्याला देणे ही जुनी रीत. आयुर्वेदातला वासावलेह याच झाडाचा. १८८८मध्ये डेव्हिड हूपर याने अडुळशातून व्हॅसिसीन हे अल्कलॉइड वेगळे केले. कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र राय यांनी बेंगॉल केमिकलचा पाया घातला तेव्हा त्यांच्या पहिल्या मालात ओव्याच्या अर्काबरोबर अडुळशाचे सिरपही होते. घरगुती काढा पाश्चात्त्य पद्धतीच्या बाटलीत, ठरावीक प्रमाणात आणि टिकेल असा भरून द्यायचा, ही त्यामागची दृष्टी होती.

पश्चिम हिंदुस्थानात हेच काम बडोद्यात झाले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७मध्ये अलेम्बिक कंपनी उभी केली. (चाफेकर बंधूंनी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासल्यावर ते डाग काढून देणारे रसायनतज्ज्ञ हेच गज्जर.) सुरुवातीला तिथे मद्यार्क आणि टिंक्चरे बनत. १९४०च्या सुमारास खोकल्याची सिरपे बनू लागली, आणि ‘ग्लायकोडिन टर्प वसाका’ या नावातच अडुळसा येऊन बसला. अडुळशाचा प्रवास तिथे संपला नाही. व्हॅसिसीनच्या रचनेवरून जर्मनीत ब्रोमहेक्झीन घडवले गेले, १९६३मध्ये ते बाजारात आले, आणि आज ‘मेडिकल’मध्ये कफ पातळ करणारे म्हणून जे सिरप मिळते त्यात बहुधा ते किंवा त्याचेच भावंड अँब्रॉक्सॉल असते.

पाकाचा प्रश्न मुंबईत पहिल्यांदा न्यायालयापर्यंत गेला तो दारूबंदीमुळे. टिंक्चर आणि सिरपांत मद्यार्क असे, म्हणून १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने औषधेही कक्षेत घेतली. १९५१च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधी आणि प्रसाधनांबाबतच्या तरतुदी रद्द ठरवल्या.

मद्यार्काला पर्याय म्हणून ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल वापरात होतेच. दोन्ही गोडसर, दाट आणि योग्य प्रमाणात निर्धोक. त्यांचा एक जुळ्यासारखा दिसणारा नातेवाईक आहे, डायएथिलीन ग्लायकॉल. तोही रंगहीन, गोड, दाट. तो कारखान्यांत विद्रावक म्हणून आणि गोठणरोधक द्रवांत वापरतात, आणि तो स्वस्त असतो. पोटात गेला की मूत्रपिंडे निकामी करतो. आधी उलट्या, मग लघवी बंद, मग मूल सुस्त होत जाते. बाटलीत नजरेने किंवा जिभेने तो ओळखता येत नाही. मानकांनुसार औषधात त्याचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर जाता कामा नये.

१९३७मध्ये अमेरिकेतल्या मॅसेंगिल कंपनीला सल्फानिलमाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध पातळ रूपात विकायचे होते. तिचा रसायनतज्ज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स याला ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळते असे आढळले. रंग, चव आणि वास तपासले गेले, रास्पबेरीचा स्वाद दिला गेला, आणि विषारीपणा तपासायचे कुणाला सुचलेच नाही, कारण कायदा तसे मागत नव्हता. सुमारे २४० गॅलन माल बनला होता. सरकारी निरीक्षकांनी देशभर फिरून त्यातला बहुतेक परत मिळवला. उरलेल्या जेमतेम सहा गॅलनांनी शंभराहून अधिक जीव घेतले. माल जप्त करायला हाताशी असलेला आधारही विलक्षण होता. औषधाच्या नावात ‘एलिक्झर’ होते; ‘एलिक्झर’ म्हणजे त्यात मद्यार्क हवा, तो नव्हता, म्हणून लेबल खोटे! वॉटकिन्सने आत्महत्या केली. १९३८मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि विक्रीआधी औषधाची सुरक्षितता सिद्ध करणे भाग पडले.

हा धडा १९३७मध्येच साऱ्या जगाला मिळाला होता. तरीही १९७३मध्ये मद्रासला पॅरासिटामॉलच्या सिरपने १४ मुले दगावली, आणि मग पाळी मुंबईची आली.

१९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रोग्यांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ लागली. डोक्यातला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन पाजले होते. त्या ग्लिसरीनमध्ये १८.५ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. १४ रोगी मरण पावले. ते खोकल्याचे औषध नव्हते, पण खोकल्याच्या अगणित बाटल्यांचा पाक ज्या द्रवाने बनतो तोच हा द्रव. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयाची खरेदी, पुरवठादार, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय अशी साखळी कडीकडीने उलगडली. औषधी दर्जाचे ग्लिसरीन मागवले होते आणि औद्योगिक दर्जाचे आले होते. ते रोग्याच्या तोंडाशी जाईपर्यंत मध्ये उभ्या असलेल्या कोणीही ते तपासले नव्हते. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. महाराष्ट्रात औषधप्रशासनावर इतका निर्भीड अहवाल क्वचितच लिहिला गेला असेल. तो आजही प्रत्येक औषध निरीक्षकाने वाचायला हवा, कारण त्यात वर्णन केलेली साखळी पुढे पुन्हा पुन्हा दिसली.

१९९८मध्ये गुडगावला खोकल्याच्या सिरपने ३३ मुले गेली. २०१९-२०च्या हिवाळ्यात जम्मूच्या रामनगर भागात किमान डझनभर. २००६मध्ये पनामात सरकारनेच बनवलेल्या खोकल्याच्या औषधात चीनहून आलेले बनावट ग्लिसरीन निघाले. २०२२मध्ये गांबियात सुमारे ७० मुलांच्या मृत्यूशी सोनीपतच्या कंपनीच्या सिरपांचा संबंध जोडला गेला, आणि त्याच वर्षाअखेर उझबेकिस्तानातून नोएडाच्या कंपनीचे नाव आले. मग १ जून २०२३पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपांना सरकारी प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. देशातल्या मुलांच्या बाटलीला मात्र ती सक्ती लागू नव्हती. हा भेद कुठल्याच तर्कात बसत नाही.

त्याची किंमत छिंदवाड्याने मोजली. २०२५च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या परासिया भागातल्या लहान मुलांना साधा ताप-खोकला झाला, ‘कोल्ड्रिफ’ दिले गेले आणि काही दिवसांत लघवी बंद झाली. आईबाप त्यांना घेऊन नागपूरला धावले. कित्येक मुलांचा शेवट तिथल्या डायलिसिसच्या खाटांवर झाला. कांचीपुरमच्या कारखान्यातल्या त्या मालाची तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने तपासणी केली तेव्हा डायएथिलीन ग्लायकॉल निघाले ४८.६ टक्के. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली. बळी गेलेल्या मुलांची संख्या वीसच्या वर गेली.

आणि ज्या गुणासाठी ही बाटली पाजली गेली, तो तरी तिच्यात किती होता? कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन ही तीन औषधे होती. यातले फिनाइलएफ्रिन नाक मोकळे करायला घालतात. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितले की ते तोंडावाटे घेतल्यास नाक चोंदण्यावर उपयोगी पडत नाही. नाकात फवारले तर काम करते, गिळले तर त्यातले बरेचसे आतड्याच्या भिंतीतच मोडून जाते. भारतातही डिसेंबर २०२३मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश निघाला. जून २०२३मध्ये तर कोडीन आणि क्लोरफेनिरामिनच्या सिरपावर बंदीच आली. अशाच कोडीनच्या सिरपाची नशेसाठी बांगलादेशात वर्षानुवर्षे तस्करी होत आली होती.

लहान मुलांचा सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि आपोआप बरा होतो. हे डॉक्टरांना माहीत असते, पालकांनाही सांगितले जाते, तरी रिकाम्या हाताने दवाखान्यातून परतणे कोणालाच पटत नाही. कंपाउंडरच्या पट्टीच्या काळापासून चालत आलेली ही अपेक्षाच या सगळ्या व्यवहाराचा पाया आहे. कायद्यानेही तिला मान दिला. औषध नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये खोकल्याची सिरपे घरगुती औषधांत धरली गेली, आणि हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यात ती परवान्याशिवाय विकता येतील अशी सूट त्यात दिली गेली. जिथे तपासणारा सर्वात कमी पोचतो, तिथेच ही मोकळीक.

छिंदवाड्यानंतर ३ ऑक्टोबर २०२५ला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांना ती साधारणपणे सुचवली जात नाहीत. घरात लहान मूल असेल तर ही सूचना औषधांच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. भरपूर पाणी, विश्रांती आणि एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध एवढ्यावर बहुतेक खोकले निभतात. एक वर्षाखालच्या बाळाला मधही देऊ नका. आणि कोणतेही सिरप घेतल्यावर मुलाला लघवी कमी होऊ लागली किंवा उलट्या थांबेनात, तर बाटली बरोबर घ्या आणि त्याच वेळी रुग्णालय गाठा.