चित्रकलेचा तास आणि शंभराची अट

आजचा भाग एका तासाबद्दल आहे. वेळापत्रकात तो असतो, पण गणिताचा पोर्शन मागे पडला की सगळ्यात आधी तोच कापला जातो. चित्रकलेचा तास. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे एक सवय लागली आहे: काही चालत नसलं की माणसांवर चिडण्याआधी अट कुठे लिहिली आहे ते शोधायचं. सरकारी शाळेतल्या चित्रकलेची अटसुद्धा एका कागदावर सापडते. पण तिथे पोचायला जरा मागून यावं लागेल.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. तेच पुढे आपलं जे. जे. आता इंग्रज सरकारला काही चित्रकारांची फौज उभी करायची नव्हती. कारागिराचा हात आणि नजर पक्की व्हावी, नक्षी आणि भूमिती जमावी, समोरची वस्तू हुबेहूब उतरवता यावी, हा हिशेब होता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची ही पद्धत. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग जे. जे.त शिकवायला आले. हो, ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डचे वडील. पुढे याच संस्थेतून शाळांसाठी ड्रॉइंग मास्तर तयार होऊ लागले.

त्या शिस्तीचा ठसा तुम्ही-आम्ही दिलेल्या ग्रेड परीक्षांवर अजून दिसतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. आता त्या कला संचालनालय घेतं. कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन, संकल्पचित्र, आणि सगळ्यांचं लाडकं स्मरणचित्र, ज्यात आम्ही कुठलाही विषय आला तरी एक फुगेवाला घुसवायचोच.

दुसरा धागा वर्ध्याचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तिथे शिक्षण परिषद झाली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला. मध्यभागी हस्तोद्योग, पण अभ्यासक्रमात चित्रकला आणि संगीतही होतं. १९४४ मध्ये देवी प्रसाद शांतिनिकेतनहून सेवाग्रामला आले आणि मुलांना चित्रकला शिकवू लागले. पाटीवरचं चित्र गिरवून घेणं त्यांना मान्य नव्हतं. मूल स्वतःचं पाहतं, स्वतःचं सांगतं, शिक्षकाने त्याला वाट मोकळी करून द्यायची, ही त्यांची भूमिका. मला हा धागा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पहिल्यांदा गरीब खेड्यातल्या मुलाला चित्र काढण्याचा हक्क आहे असं धरलं गेलं. कारखान्याला कारागीर हवा म्हणून दिलेली ती सवलत नव्हती.

त्यानंतर कागदावर सगळं छानच आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कलाशिक्षणाकडे होणाऱ्या दुर्लक्षाची नोंद घेतली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा असं म्हटलं. बोलायला कुणाचीच हरकत नसते.

आणि मग आला शिक्षण हक्क कायदा. २००९ मध्ये मंजूर, १ एप्रिल २०१० पासून लागू. या कायद्याच्या शेवटी एक अनुसूची जोडली आहे. शाळेला किती शिक्षक, किती खोल्या, किती दिवस, सगळं त्यात. पहिली ते पाचवीच्या भागात मुलांच्या संख्येवर शिक्षक ठरतात, कलेचं नावही नाही. सहावी ते आठवीच्या भागात मात्र आहे. तिथे म्हटलंय की पटसंख्या शंभरच्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, आणि कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक.

ही ती अट. पटसंख्या शंभरच्या वर असेल, तर. आता आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा डोळ्यासमोर आणा. वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळांत सहावी ते आठवीत मिळून पन्नास मुलंही नसतात. म्हणजे शेजारच्या पाच गावांत प्रत्येकी साठ मुलं धरली तर एकूण तीनशे होतात, तरी एकाही शाळेत अट लागू होत नाही. कला नको असं कुणीही म्हटलेलं नाही, विरोधात कुणी मत दिलेलं नाही. एक आकडा लिहिला गेला आणि तीनशे मुलं त्याच्या अलीकडे राहिली. शंभराच्या पुढे गेलात तरी शब्द ‘अंशकालीन’ आहे. एटीडी करून बसलेल्या पोराला मानधनावर आणि करारावर किती वर्षं राहता येईल, हे त्यालाच विचारा.

ग्रेड परीक्षा टिकून आहेत, त्याचं एक कारण दहावीचे वाढीव गुण. इंटरमीजिएटला ए असेल तर ७, बी असेल तर ५, सी असेल तर ३. यावर नाक मुरडणारे बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही, गुणांमुळे का होईना, पालक खडूच्या डबीवर पैसे घालतात. प्रश्न वेगळाच आहे. ज्या शाळेत कलाशिक्षक नाही, तिथल्या मुलीला या परीक्षेचा फॉर्म भरायची आठवण कोण करून देणार? शहरात त्याचे क्लास आहेत.

मग करायचं काय? उत्तर त्याच कायद्यात आहे आणि त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया. कलम २२ नुसार सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत ही समिती शाळा विकास आराखडा करते आणि सरकारी नियोजन व अनुदानाचा आधार तोच आराखडा असतो. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तर स्पष्ट आहे की तीन वर्षांत किती जादा शिक्षक लागतील ते आराखड्यात लिहायचं, अंशकालीन शिक्षकसुद्धा. बहुतेक आराखड्यांत शौचालय, संरक्षक भिंत, पाण्याची टाकी असतं. ते हवंच. पण चित्रकला शिक्षकाची ओळ कुणी लिहिलीच नाही, तर वर मागणी नाही असाच अर्थ निघतो.

माझ्या मामीच्या गावातल्या शाळेत सहावी ते आठवीत चौसष्ट मुलं आहेत. मामी समितीत आहे. मागच्या दिवाळीत तिला हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “अरे, मग आमची एकट्याची शाळा कशाला मोजता? केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून मोजा की.” हे मला सुचलं नव्हतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांचा समूह करून कला-संगीताचे शिक्षक वाटून घेण्याची कल्पना आहेच. आपल्याकडे केंद्रशाळा तर आधीपासून आहेत. शिवाय कलम २० प्रमाणे अनुसूची बदलायला संसदेत नवा कायदा लागत नाही, केंद्र सरकारची अधिसूचना पुरते. म्हणजे ‘एका शाळेत शंभर’च्या जागी ‘केंद्रात शंभर’ होऊ शकतं.

समितीत यावर वाद झाला. काही पालक म्हणाले, अर्ज-बिर्ज राहू द्या, लोकवर्गणी काढू, तालुक्याहून एटीडी झालेला मुलगा महिन्यातले दोन शनिवार येईल. तो येतोही आता. मुलांनी पहिल्याच महिन्यात शाळेच्या मागच्या भिंतीवर गावचा बाजार रंगवला, त्यात बोंबीलवाली बाई सगळ्यांत मोठी. पण मामी बैठकीत अडून बसली होती. “वर्गणी आम्ही काढू. मागणी मात्र खोडायची नाही. उद्या साहेब म्हणतील, तुमचं तर चाललंय की!” मला तिचं पटतं. वर्गणी देणारी पिढी बदलली की शनिवार बंद. पद मंजूर असेल तर ते रिकामं ठेवल्याचं उत्तर तरी कुणाला तरी द्यावं लागतं.

शेवटी दोन्ही झालं. वर्गणी चालू आहे आणि आराखड्यात ओळही गेली: केंद्रातील शाळांसाठी एक कला निदेशक. शेजारच्या दोन शाळांच्या समित्यांनीही तसाच ठराव केला आहे. तिन्ही प्रती पंचायत समितीच्या शिक्षण विभागात दिल्या. उत्तर अजून नाही. मामीने पोचेचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत पहिला विषय हाच लावून घेतलाय.