चांदबीबीचा कोट, आझादांची खोली

नगरचा भुईकोट किल्ला मी याआधीही पाहिला होता. पण या वेळी सोबत आमच्या उर्दू शाळेतल्या नववीची मुलं-मुली होती, आणि त्यातल्या एका मुलाने मला खंदकाच्या काठावरच अडवलं. मी चांदबीबीची गोष्ट सांगत होतो. अकबराच्या फौजेने किल्ला वेढला, इथपर्यंत आलो होतो. मुलगा म्हणाला, "सर, अकबर मुसलमान, चांदबीबीपण मुसलमान. मग भांडण कशाचं?"

मुलं हसली. मला हसू आलं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात इतिहासाचे दोनच कप्पे आहेत, आणि ते त्याने स्वतः केलेले नाहीत. टीव्हीने, मोबाइलने आणि थोडंफार आपण मोठ्यांनी ते करून दिले आहेत. त्याला मी म्हटलं, "चल, आधी किल्ला बघू. उत्तर आत आहे."

भुईकोट म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला. डोंगरी किल्ल्याला कडा राखतो. इथे कडा नाही, म्हणून खंदक. तो सुमारे शंभर फूट रुंद आहे आणि किल्ल्याला गोल वेढा घालतो. खोदलेली माती बाहेरच्या अंगाला टाकून उंचवटा केला, म्हणजे शत्रूच्या तोफेला तट नीट दिसू नये. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून निजामशाही उभी केली. इथला पहिला कोट त्याच्याच काळातला, मातीचा. आज दिसतो तो दगडी तट त्याचा नातू हुसेन निजामशहा याने १५५९ च्या सुमारास बांधायला घेतला. या घराण्याचं मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरात होतं, असं फरिश्ता हा त्या काळचा इतिहासकार सांगतो. मुलांना हे सांगितलं तेव्हा दोन-तीन जणांनी वहीत लिहून घेतलं.

चांदबीबी याच हुसेनची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. १५८० मध्ये नवऱ्याचा खून झाल्यावर तिने लहानग्या इब्राहीम आदिलशहाच्या नावाने विजापूरचा कारभार पाहिला. पुढे माहेरी गादीवरून भांडणं पेटली. त्यातल्याच एका गटाने मुघलांना बोलावणं पाठवलं आणि १५९५ च्या अखेरीस शहजादा मुराद नगरच्या वेशीवर आला. तेव्हा किल्ला सांभाळायला चांदबीबी उभी राहिली, बहादूर नावाच्या लहान मुलाच्या वतीने.

मुघलांनी तटाखाली सुरुंग खोदले. आतल्यांना सुगावा लागला, काही सुरुंग त्यांनी निकामी केले. एक मात्र उडाला आणि तटाचा मोठा तुकडा कोसळला. सैनिक मागे सरू लागले तेव्हा चांदबीबी चेहऱ्यावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन भगदाडात येऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत हल्ला रोखला गेला, आणि रात्रीतून तिथे पुन्हा भिंत चढली. शेवटी तह झाला. वऱ्हाड मुघलांना गेला, नगर राहिलं.

"आता सांग," मी त्या मुलाला विचारलं, "भांडण कशाचं?"

"राज्याचं, सर," तो म्हणाला. मग जरा थांबून, "दिल्लीवाले आणि दख्खनवाले."

बरोबर. आणि या दख्खनवाल्यांत कोण कोण होतं? दख्खनी मुसलमान होते, हबशी होते, मराठे होते. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीचेच सरदार. नगरच्या शाह शरीफ यांच्या दुव्याने मुलं झाली म्हणून शहाजी आणि शरीफजी ही नावं ठेवली, अशी परंपरा आहे. आणि १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, तेव्हा तिच्या शेवटच्या बालराजासाठी माहुली गडावर मुघलांशी झुंजत होते ते शहाजीराजेच.

चांदबीबीचा शेवट मात्र मुलांना सांगताना माझा आवाज दर वेळी खाली येतो. १६०० मध्ये मुघल फौज पुन्हा आली. या वेळी लढून निभाव लागणार नाही, बोलणी करून बालराजाला सुखरूप बाहेर काढावं, असं तिचं मत झालं. लगेच किल्ल्यात आवई उठली की बेगम मुघलांना फितूर झाली. आपल्याच माणसांचा जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला मारलं. त्यानंतर थोड्याच काळात किल्ला पडला. सुरुंगाने पाडलेली भिंत तिने एका रात्रीत उभी केली होती. अफवेपुढे तिचं काही चाललं नाही. ज्या मुलांच्या फोनवर रोज काहीबाही येऊन पडतं, त्यांना या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

आत, १९४२ च्या कैद्यांच्या खोल्या आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण हा भाग स्मारक आणि संग्रहालय म्हणून जपला आहे. 'चले जाव'चा ठराव झाल्यावर ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत धरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना इथे आणलं. एकूण बारा जण. नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. आणि मौलाना आझाद, असफ अली, डॉ. सय्यद महमूद. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष आझाद होते, हे वर्गात एकालाही माहीत नव्हतं.

नेहरूंच्या खोलीशी गर्दी होते. १९४४ मध्ये पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिलं, हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. पण त्याच आवारात उर्दूतलंही एक मोठं पुस्तक लिहिलं गेलं: मौलानांचं 'गुबार-ए-खातिर'. हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला लिहिलेली पत्रं. जी टाकायला टपाल नव्हतं, म्हणून ती जवळच राहिली आणि १९४६ मध्ये पुस्तक झाली. चहावर, संगीतावर, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर. चिमण्यांचा तो मजकूर मी शाळेत असताना वाचला होता. तो नगरला लिहिलाय, हे मला बीएड करतानाही कुणी सांगितलं नव्हतं! उर्दूवाल्यांना पुस्तक माहीत, पण किल्ला कुठे ते माहीत नाही. मराठीवाल्यांना किल्ला माहीत, पण हे पुस्तक माहीत नाही. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट लागते.

गंमत अशी की चांदबीबी दोन्ही पुस्तकांत आहे. नेहरू बागेसाठी जमीन खणताना तिची आठवण काढतात. मौलानांनी तर तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं नावच 'चीताखान' ठेवलं होतं, चांदबीबीच्या काळातल्या इथल्या किल्लेदारावरून.

पण या खोल्यांत फक्त गंमत नव्हती. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात मौलानांच्या पत्नी झुलैखा बेगम वारल्या. त्या आजारी असल्याची खबर आधीपासून येत होती. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर पोहोचवतो, असं अधिकारी म्हणाला. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढा, त्याच्याकडे सवलत मागायची नाही. नंतर लिहिलेल्या पत्रात ते आपल्या मनाची घालमेल लपवत नाहीत. मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगी एवढंच म्हणाली, "मग ते भेटलेच नाहीत?" नाही, बेटा. भेटलेच नाहीत.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. त्यांच्या नावाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मुलांना मी सांगितलं की पाटी बदलली तरी दगड तेच आहेत, आणि एकाच मातीत दोन कर्तबगार राज्यकर्त्या स्त्रियांची नावं मावतात. एक घेण्यासाठी दुसरी विसरावी लागत नाही.

परतताना बसमध्ये तोच मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. "सर, ते चिमण्यांचं पुस्तक आपल्या लायब्ररीत आहे का?" आहे. दुसऱ्या दिवशी कपाटातून काढून, धूळ झटकून त्याला दिलं. त्यातली फारसी त्याला झेपणार नाही, माझ्याकडे विचारायला यावं लागेल. येऊ दे.

तुम्हीही जा. ओळखपत्र सोबत ठेवा, मुलांना न्या, आणि नेहरूंच्या खोलीपाशीच थांबू नका. अजून अकरा जण तिथे राहत होते.