सुईविना लस : तीन क्रियापदांचा इतिहास

मराठीत देवी ‘काढतात’, लस ‘टोचतात’ आणि पोलिओचा डोस ‘पाजतात’. हेतू एकच असताना भाषेने तीन क्रियापदे का घडवली, याचे उत्तर वैद्यकाच्या इतिहासात सापडते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तन-देवीची लस देण्यात आली. हिंदुस्थानातील ही पहिली लस. जुन्नर तालुक्यात, आमच्या राजुरीतही, वयस्कर माणसांच्या दंडावर देवीचे वण अजून दिसतात. ‘टोचणे’ या क्रियापदामागे वेदना आहे आणि भयही.

ही वेदना टाळण्याचा खटाटोप जुना आहे. अतिसूक्ष्म छिद्रातून औषधाची धार प्रचंड दाबाने सोडली, तर ती सुईविना त्वचा भेदते. या तत्त्वावरील ‘जेट इंजेक्टर’ १९६७ पासून पश्चिम आफ्रिकेतील देवी-निर्मूलनात राबले. भारतात मात्र घरोघर फिरणाऱ्या लसटोचकाच्या हाती स्वस्त, दुहेरी टोकाची सुईच टिकली आणि १९७५ मध्ये देवी येथून हद्दपार झाली. पुढे १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका दवाखान्यात अशाच यंत्रातून एकाचे रक्त दुसऱ्यापर्यंत पोहोचले व कावीळ ‘ब’ पसरली. सुई गेली म्हणजे संसर्ग गेला, हा समज तेथे खोटा ठरला. म्हणूनच २०२१ मध्ये भारतात आपत्कालीन परवानगी मिळालेली ‘झायकोव-डी’ ही डीएनए लस ज्या साधनाने दिली जाते, त्याचा त्वचेला टेकणारा भाग प्रत्येक वेळी नवा असतो.

या इतिहासातील आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे पान पुणे जिल्ह्यात लिहिले गेले. गोवराचा विषाणू श्वासावाटे शरीरात शिरतो. मग लसही श्वासावाटे का देऊ नये? मेक्सिकोत मोठ्या मुलांवरील अनुभव आशादायक होता. पुणे जिल्ह्यातील गावांत नऊ महिने ते एक वर्ष वयाच्या २,००४ बालकांवर याची रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीचे इंजेक्शन, निम्म्यांना मुखवट्यातून लसीचे तुषार. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले : एक्याण्णव्या दिवशी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९४.७ टक्के बालकांत प्रतिपिंडे आढळली, तुषार घेतलेल्यांपैकी ८५.४ टक्के बालकांत. लसीने काम केले. पण सुईइतके नाही. गोवरासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगात शंभरांमागे नऊ बालकांचा हा फरक क्षुल्लक मानता येत नाही.

याच पुण्याने उलट उदाहरणही दिले. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर पुढच्याच वर्षी सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची ‘नॅसोवॅक’ ही लस आणली. म्हणजे मार्ग चुकीचा नव्हता. प्रत्येक रोगापुरता तो स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा लागतो.

विजयाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. पण ‘हे कमी पडले’ असे आकड्यांनिशी सांगणारा निष्कर्षही इतिहासच असतो, आणि तो मिळाला तो आपली तान्ही मुले विश्वासाने पुढे करणाऱ्या खेड्यांतील आयाबापांमुळे. त्यांची नावे कुठल्याच ग्रंथात येणार नाहीत. श्वासावाटे लस देण्याला मराठीत अजून रूढ क्रियापद नाही. ते उद्या घडलेच, तर त्यामागे ही गावेही असतील.