वापरकर्ता मानांकन (सल्ला व प्रश्नोत्तरे)

महाजालावरील सल्लाविषयक समुदायांत सदस्यांच्या मतांवरून उत्तरांचा क्रम आणि उत्तरदात्याचा लौकिक ठरवण्याच्या पद्धतीला वापरकर्ता मानांकन असे म्हणतात. उत्तरदात्याची पदवी वा अनुभव सहसा पडताळलेला नसल्यामुळे वाचकासाठी मानांकन हीच विश्वासाची मुख्य खूण ठरते. मात्र मानांकनातून उत्तराला मिळालेली पसंती मोजली जाते. उत्तराची अचूकता मोजली जात नाही.

कार्यपद्धती

मत उत्तराला दिले जाते आणि त्याचे गुण उत्तरदात्याच्या खात्यात जमा होतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर उत्तराला मिळालेल्या प्रत्येक अनुकूल मताचे १० गुण मिळतात, तर प्रतिकूल मतामुळे २ गुण कमी होतात. प्रश्नकर्त्याने उत्तर स्वीकारल्यास १५ गुण मिळतात. उत्तराला प्रतिकूल मत देणाऱ्याचाही १ गुण वजा होतो. गुण वाढतील तसे सदस्याचे अधिकार वाढतात.

स्लॅशडॉट या संकेतस्थळावर प्रतिसादांना उणे १ ते ५ या मर्यादेत गुण आणि सोबत गुणवर्णन देण्याची पद्धत रूढ झाली. मराठीत ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळावर ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘रोचक’, ‘निरर्थक’ अशा श्रेणी आढळतात.

क्रमवारीचे गणित

केवळ टक्केवारी पाहिल्यास १ पैकी १ अनुकूल मत मिळालेले उत्तर १०० पैकी ९० अनुकूल मते मिळालेल्या उत्तराच्या वर जाते. हा दोष टाळण्यासाठी एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या विश्वासांतराची खालची मर्यादा वापरली जाते. ९५ टक्के विश्वासपातळीवर ती पहिल्या उत्तरासाठी सुमारे ०.२१, तर दुसऱ्यासाठी सुमारे ०.८३ येते. रेडिटने २००९ मध्ये प्रतिसादांच्या क्रमवारीसाठी ही पद्धत स्वीकारली.

मर्यादा

आधीची मते पाहून पुढची मते बदलतात. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुचनिक, अराल व टेलर यांच्या प्रयोगात, यादृच्छिकपणे दिलेल्या एका अनुकूल मतामुळे प्रतिसादांचे अंतिम मानांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. शिवाय मत बहुधा वाचताक्षणी दिले जाते. सल्ल्याचा परिणाम दिसल्यावर ते बदलण्यासाठी थोडेच लोक परततात.

शेतीसारख्या विषयात ही मर्यादा विशेष जाणवते. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात भात हे मुख्य पीक आहे. भाताची पाने पिवळी पडण्यामागे नत्राची वा जस्ताची कमतरता, पाण्याचा निचरा न होणे किंवा तुडतुड्यांचा प्रादुर्भाव अशी निरनिराळी कारणे असतात. ‘युरिया द्यावा’ या उत्तराला नत्राची कमतरता असलेल्या अनेक शेतकऱ्यांची मते मिळू शकतात. परंतु तुडतुडे असलेल्या बांधीत जादा युरियामुळे कीड वाढते. अशा वेळी जास्त मतांचे उत्तरही त्या शेतापुरते चुकीचे ठरते.

पडताळणी

मानांकन पाहताना मतांची संख्या, उत्तराची तारीख आणि उत्तरात दिलेले कारण यांचा एकत्र विचार करावा लागतो. पिकांबाबत स्थानिक सहायक कृषी अधिकाऱ्याकडून, तसेच २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळतो.