घरचाच सर्व्हर: फोटो, लग्नाची सीडी आणि बॅकअप एका जागी कसे ठेवायचे? आणि अडलं तर आधी काय बघायचं?

‘तुमचं स्टोरेज जवळपास संपलं आहे’ हा मेसेज आला नाही असा फोन सध्या शोधून सापडणार नाही. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. तेव्हापासून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्याच १५ जीबीत मोजला जातो. पुढे दोनच वाटा: दरमहा पैसे भरा, नाहीतर साठवण घरी आणा.

घरी आणणं म्हणजेच होम सर्व्हर. नाव भारी आहे, वस्तू साधी. चोवीस तास चालू राहणारा एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेली मोठी डिस्क, आणि घरातला फोन, टीव्ही, लॅपटॉप त्यावरून फोटो-सिनेमे बघतात, त्यावर बॅकअप टाकतात. इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात सगळं चालतं.

मशिन कोणतं घ्यायचं?

सुरुवात कपाटात पडलेल्या जुन्या लॅपटॉपने करा. त्याची बॅटरी जिवंत असेल तर लाइट गेल्यावर ती फुकटचा यूपीएस ठरते. झाकण मिटल्यावर झोपी न जाण्याची सेटिंग मात्र आधी करावी लागते. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर तो लॅपटॉप या कामाला नको, किंवा बॅटरी काढून वापरा. चोवीस तास चार्जिंगला लावलेल्या फुगीर बॅटरीशी खेळ नको.

नवीन घ्यायचं असेल तर इंटेल एन१०० चिपचा मिनी पीसी हा सध्याचा समजूतदार पर्याय. ही चिप २०२३ मध्ये आली, वीज कमी खाते आणि व्हिडिओचं रूपांतर करण्याची सोय चिपमध्येच आहे. रास्पबेरी पाय ५ फायली आणि बॅकअपसाठी उत्तम, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअर नाही. त्यामुळे सिनेमे हा मुख्य हेतू असेल तर तो टाळलेला बरा.

विजेचा हिशोब करून ठेवा. सतत १० वॉट खाणारं मशिन वर्षाला साधारण ८८ युनिट घेतं. ६० वॉट खाणारा जुना डेस्कटॉप सव्वापाचशे युनिट घेतो. आपल्या बिलातल्या दराने गुणलं की ‘फुकटचा’ डेस्कटॉप किती फुकट आहे ते कळतं.

रॅम ८ जीबी असली तर काम सुखाने होतं. सिस्टिम छोट्या एसएसडीवर आणि फोटो-व्हिडिओ वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर आहे की एसएमआर, एवढं विचारा. एसएमआर डिस्क लिहिताना मध्येच दम टाकते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं, तेव्हा नास वापरणाऱ्यांमध्ये चांगलाच गदारोळ झाला होता.

सॉफ्टवेअर

लिनक्सची भीती वाटत असेल तर ओपनमीडियावॉल्ट बघा. डेबियनवर आधारलेली ही मोफत प्रणाली बहुतेक सगळी ब्राउझरमधूनच चालवता येते. सिस्टिमसाठी तिला एक अख्खी डिस्क लागते, म्हणूनच वर छोटी एसएसडी म्हटली.

सिनेमे आणि घरच्या व्हिडिओंसाठी जेलिफिन. २०१८ च्या अखेरीस एम्बीने आपला सोर्स कोड बंद केला तेव्हा त्यातूनच फुटून जेलिफिन तयार झालं. ते पूर्ण मोफत आहे. प्लेक्स दिसायला जास्त गुळगुळीत, पण एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायला त्यात पैसे लागतात. फोटोंसाठी इमिच: फोनवरून आपोआप अपलोड, तारखेप्रमाणे मांडणी, चेहऱ्यावरून शोध, सगळं गुगल फोटोजसारखं. पहिले काही दिवस चेहरे ओळखण्यात मशिन तापलेलं राहील. घाबरू नका, ते काम संपतं.

नवी बाहेरची डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटमध्ये येते. त्यात काही भरण्याआधीच ती ईएक्सटी४ करून घ्या. लिनक्सच्या परवानग्या त्या फॉरमॅटमध्ये नीट बसत नाहीत, आणि इमिचचा डेटाबेस तिथे ठेवला तर सुरूच होणार नाही.

मराठी सिनेमांसाठी एक खास सूचना. जेलिफिन पोस्टर आणि माहिती इंटरनेटवरच्या यादीतून आणतं. प्रत्येक सिनेमाला वेगळं फोल्डर करा, त्याला रोमन लिपीत नाव द्या आणि कंसात वर्ष लिहा, म्हणजे ‘श्वास’ आणि त्यापुढे २००४. वर्ष नसलं की भलत्याच भाषेतल्या भलत्याच सिनेमाचं पोस्टर लागतं.

लग्नाच्या जुन्या व्हीसीडी असतील तर हे काम आजच काढा, कारण त्या चकत्या कायम टिकत नाहीत. व्हीसीडीतल्या ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फायली असतात. त्याच व्हिडिओ आहेत. कॉपी करून घ्या आणि मग एमपी४ मध्ये बदला. कॉपी मध्येच अडकली तर चकती मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. चित्र फक्त ३५२ बाय २८८ चं आहे, मोठ्या टीव्हीवर धूसरच दिसणार. पण त्यात आजी चालताना दिसते, आणि ते दुसरीकडे कुठेच नाही.

सगळं होतं, एके दिवशी बंद पडतं

खरा लेख इथून सुरू होतो.

लाइट जाऊन आली आणि सर्व्हर सापडेना. बहुतेक वेळा सर्व्हर ठीक असतो, राउटरने त्याला नवा आयपी पत्ता दिलेला असतो. राउटरच्या पानावर जाऊन सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. या सेटिंगला डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात. शिवाय मशिनच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. नाहीतर तुम्ही गावी आणि सर्व्हर बंद.

फोटो अचानक गायब, आणि सिस्टिमची डिस्क भरली. हे माझ्या घरी झालं आहे. लाइट गेल्यानंतर बाहेरची यूएसबी डिस्क जोडली गेली नाही. लिनक्समध्ये डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर जोडली जाते. डिस्क नसली तरी फोल्डर असतोच. इमिच आणि बॅकअप निमूटपणे त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे छोट्या एसएसडीवर लिहीत राहिले. दोन दिवसांनी ती काठोकाठ भरली आणि सगळंच थांबलं. फोटो मूळ डिस्कवर सुखरूप होते, पण ते कळेपर्यंतचे दोन तास आठवले की अजून पोटात गोळा येतो. उपाय दोन. डिस्क नावाने किंवा क्रमाने नव्हे, तिच्या यूयूआयडीने जोडा, कारण क्रम बदलतो. आणि डिस्क जोडली नसताना तो रिकामा फोल्डर कोणालाही लिहिता येणार नाही असा करून ठेवा. मग डिस्क नसली तर प्रोग्राम लगेच तक्रार करतो, गुपचूप भलतीकडे लिहीत नाही. डिस्क पुन्हापुन्हा तुटत असेल तर वीज कमी पडते का ते पाहा. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली डिस्क किंवा वीज देणारा यूएसबी हब लावला की निम्म्या तक्रारी मिटतात.

व्हिडिओ अडखळतो. नेटला शिव्या देण्याआधी जेलिफिनच्या डॅशबोर्डवर बघा. चालू व्हिडिओजवळच्या माहितीच्या खुणेवर तो जसाच्या तसा जातोय की रूपांतर होऊन, आणि रूपांतर का होतंय, हे लिहिलेलं असतं. टीव्हीला तो कोडेक कळत नसेल तर सर्व्हरला प्रत्येक चौकट नव्याने बनवावी लागते. चित्ररूपातली सबटायटल्स हे दुसरं नेहमीचं कारण. ती बंद केली की पुष्कळदा व्हिडिओ सुतासारखा सरळ चालतो. इंटेलची चिप असेल तर हार्डवेअर रूपांतर चालू करा. जेलिफिन डॉकरमध्ये असेल तर ग्राफिक्सचं उपकरण त्या कंटेनरला वेगळं दाखवून द्यावं लागतं, आणि इथेच बहुतेक जण अडतात.

कॉपी फार हळू होते. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळायला हवा. ५०० जीबी म्हणजे सव्वा तास. तोच वेग ११-१२ एमबीवर अडकला असेल तर जोडणी १०० एमबीपीएसवर आली आहे आणि त्याच कामाला अकरा-बारा तास लागणार. केबल बदलून बघा: गिगाबिटला आठही तारा लागतात, एक तार तुटली की वेग एकदम खाली येतो. राउटरचे पोर्टच १०० चे असतील तर छोटा गिगाबिट स्विच घ्या आणि सर्व्हर व कॉम्प्युटर दोन्ही त्याला जोडा.

जेलिफिनला फोल्डर दिसतो, आत काहीच दिसत नाही. परवानगीचा प्रश्न. फायली तुमच्या नावावर आहेत आणि जेलिफिन दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं. त्याला वाचण्याची परवानगी द्या, आणि ती वरच्या फोल्डरपासून द्या. घराच्या दाराला कुलूप असेल तर आतली खोली उघडी असून काय उपयोग? सगळ्यांना सगळं खुलं करण्याचा जो ‘७७७’ उपाय जागोजागी सांगतात, तो करू नका.

आईच्या फोनवरून फोटो येतच नाहीत. शाओमी, विवो, ओप्पो असे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागचे अ‍ॅप बंद करून टाकतात. इमिचसाठी बॅटरीची मर्यादा काढा आणि ऑटोस्टार्ट द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंतून मूळ तारीख निघून गेलेली असते. म्हणून बारशाचे फोटो भलत्याच महिन्यात दिसले तर दोष सर्व्हरचा नाही.

घराबाहेरून दिसत नाही. भारतातल्या अनेक ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळत नाही. बरेच ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यापैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही त्यात आहात, आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर घालवलेला रविवार वाया गेला. टेलस्केल वापरा. ते वायरगार्डवर चालतं आणि पोर्ट उघडावा लागत नाही. सर्व्हरवर आणि लंडनच्या मुलीच्या फोनवर दोन्हीकडे टाकलं की झालं. गंमत म्हणजे टेलस्केलचे पत्तेही याच १०० च्या गटातले असतात, त्यामुळे तपासणी राउटरवरच करा.

आणि पत्ता सार्वजनिक असला तरी सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. जून २०२१ मध्ये ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या नेटवर्क डिस्क वापरणाऱ्या जगभरातल्या लोकांना एका सकाळी डिस्क रिकामी सापडली. दुरून कोणीतरी सगळं पुसलं होतं. त्या उपकरणाला २०१५ नंतर अपडेटच आलेलं नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या नासमधल्या फायली कुलूपबंद करून ०.०३ बिटकॉइन मागितले.

बॅकअप म्हणजे नेमकं काय?

फोनमधून फोटो सर्व्हरवर गेले आणि फोनमधले पुसले, तर तो बॅकअप नाही. ती फक्त जागा बदलली. दोन डिस्कची रेड जोडी हाही बॅकअप नव्हे: एक डिस्क मेली तर काम चालू राहतं, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला. आपल्याकडे त्यातला ‘एक’ सर्वांत महत्त्वाचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी घरात शिरलं तेव्हा एकाच कपाटातल्या दोन डिस्क एकदमच भिजणार होत्या. म्हणून एक एनक्रिप्ट केलेली डिस्क बहिणीकडे किंवा गावच्या घरी ठेवा, आणि गणपतीला, दिवाळीला जाल तेव्हा अदलाबदल करा.

नुसती आरशासारखी नक्कल करू नका. चूकही तितक्याच इमानाने कॉपी होते. रेस्टिक किंवा बोर्ग जुन्या तारखांच्या आवृत्त्याही जपून ठेवतात. इमिचच्या फायलींसोबत डेटाबेसचीही प्रत घ्या. फक्त फोटो वाचले तर अल्बम आणि ओळखलेले चेहरे जातात.

डिस्कचा स्मार्ट अहवाल महिन्यातून एकदा बघा. ५, १९७ आणि १९८ क्रमांकांच्या ओळींतले आकडे शून्यावरून वाढायला लागले तर नवी डिस्क मागवा, वाट बघू नका. १९९ वाढत असेल तर बहुधा केबलच खराब आहे, ती बदला.

आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून दहा-वीस फायली खरोखर परत काढून, उघडून बघा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर तो बॅकअप कोणीही उघडू शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही. तो कागदावर लिहा, सोबत ‘डिस्क कुठे आहे, कशी उघडायची’ हे चार ओळींत लिहा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा. ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा.